माझ्या पटावरची दोन पोरं

परमुलखात जाऊन आलेलं माणूस तिथलं कौतुक सांगतं. मीही सांगणार आहे, पण दातओठ खात सांगणार आहे. ज्यांना गोडगोड प्रवास वाचायचा असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे बघावं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मी चार दिवस राहिले आणि चारही दिवस माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

जायचं कारण आधी सांगते. पोलादपूरच्या वर, घाटाच्या कडेला आमची वाडी आहे, आणि तिथल्या एका खोलीच्या शाळेत मी एकटी शिक्षिका. जूनमध्ये माझ्या पटावर, म्हणजे हजेरीवर, पाच पोरं होती. त्यातली दोन सुगंधा आणि महेश या जोडप्याची. समीक्षा तिसरीत, सोहम पहिलीत. भाताची लावणी आटोपली आणि हे चौघं शेळगावच्या एका बागायतदाराच्या गोठ्यावर कामाला गेले. त्यांना पाठवलं कोणी? मीच. माझी डी.एड.ची मैत्रीण वंदना तिकडच्या एका वस्तीवर शिक्षिका आहे. तिचा फोन आला, "शुभे, एखादं चांगलं जोडपं बघ ना गं. आमच्या आबांच्या गोठ्यावर पाहिजे. राहायला खोली, रोजचं दूध, वर पगार." महेश लावणीसाठी मुंबईच्या हॉटेलातून आलेला होता. मला वाटलं, जातील दोन महिने, गणपतीला येतीलच परत. मोठ्या मनाने मी त्याचा नंबर दिला.

गणपतीला ते आले नाहीत. कोकणातलं माणूस गणपतीला आलं नाही, की गावात त्याच्याबद्दल हलक्या आवाजात बोलायला लागतात. आणि गौरी-गणपती उरकतात तोच सरकारी पोर्टलवर वंदनाच्या शाळेची विनंती येऊन पडली. ही दोन मुलं आमच्याकडे दाखल झाली आहेत, तुमच्या पटावरून सोडा! मी मोबाइलवर मंजुरीचं बटण दाबलं की पोरं तिची. नाही दाबलं तर पोरं बसणार तिच्या वर्गात, पण मोजली जाणार माझ्याकडे. सप्टेंबरअखेर जो पट असेल त्यावर शाळेचं पुढचं नशीब ठरतं. पाचाची तीन झाली की आमची शाळा खालच्या गावच्या शाळेत मिळवणार, अशी कुजबुज केव्हाची चालू होती. खालच्या गावाला जायचं तर मधे ओढा आहे. पावसाळ्यात तो ओढा मोठ्या माणसाला जुमानत नाही, तिथं माझी उरलेली तीन चिमुरडी काय करणार?

मी बटण दाबलं नाही. रजा टाकली, केंद्रप्रमुखांच्या हातापाया पडून खालच्या शाळेतले गुरुजी चार दिवस वर बसवले आणि पोरं आणायला निघाले. माझे यजमान पनवेलला नोकरी करतात. त्यांना फोन केला तर म्हणतात कसे, "पोरं म्हणजे काय एसटीत विसरलेली छत्री आहे, जाऊन घेऊन यायला?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं पनवेल सांभाळा.

नीरा ओलांडल्यावर

महाबळेश्वर, वाई, लोणंद हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे, तो सोडून देते. नीरा मागे पडली आणि माझं पोट दुखायला सुरुवात झाली. दोन्ही बाजूंना ऊस, माणूस उभा राहिला तर दिसणार नाही एवढा. आणि रस्त्याच्या कडेने भरून चाललेला कालवा.

आमच्याकडे पाऊस पडतो म्हणजे किती पडतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच माहीत. कपडे वाळत नाहीत, वह्यांना बुरशी येते, कौलं वाहून जातात. आणि फेब्रुवारी संपला की बाया हंडे घेऊन झऱ्यावर रांगा लावतात, कारण पडलेलं सगळं पाणी समुद्रात गेलेलं असतं. इथे म्हणे आभाळातून जेमतेम शिंतोडे येतात. पण आमच्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला पडलेला पाऊस धरणांत अडवतात आणि कालव्याने थेट यांच्या उसाच्या मुळाशी सोडतात. म्हणजे चिखल आम्ही तुडवायचा आणि साखर यांनी खायची!

शेजारच्या सीटवर एक तात्या होते. पांढरंशुभ्र धोतर, मांडीवर कसल्याशा औषधाची पिशवी.

"कुठलं पाव्हणं?" त्यांनी विचारलं.

"पोलादपूर. कोकण."

"आसं व्हय. शेती किती एकर म्हनायची?"

"आमच्याकडे एकरात नाही मोजत. गुंठ्यांत."

"आरारा!" तात्या म्हणाले, आणि खरोखर इतक्या कळवळून म्हणाले की मला रडावं की भांडावं कळेना. मग त्यांनीच माझं सांत्वन केलं. "पर तुमच्याकडं आंबा हाय की."

"आमच्या वाडीत नाही. आंबा खाली किनाऱ्याकडे. आमच्याकडे नाचणी आणि माकडं."

 मग तात्यांनी आपलं दुखणं काढलं. ऊस आहे, पाणी आहे, कारखान्याचं सभासदत्व आहे, थोरला कारखान्यात चिकटलाय, पण धाकट्याला पोरगी मिळत नाही. का? तर तो शेती करतो. "नोकरीवाला पायजे म्हनत्यात. बारा एकर दावलं तरी न्हाय म्हनत्यात," असं सांगून ते कोऱ्हाळ्याला उतरले. बारा एकर! माझ्या वाडीतल्या सगळ्यांचं भातशेत एकत्र केलं तरी तेवढं भरेल की नाही शंकाच आहे. त्यांच्या धाकट्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

माळेगाव

वंदनाचं घर माळेगाव बुद्रुकला. दोन मजली, वर पाण्याची टाकी, खाली ट्रॅक्टर, अंगणात पेरूचं झाड. डी.एड.ला असताना आम्ही दोघी एका गादीवर झोपायचो आणि एकाच साबणाने कपडे धुवायचो. तिला हे स्थळ आलं तेव्हा तिच्या साखरपुड्यात मीच सगळ्यांत जास्त नाचले होते. आता तिच्या स्वयंपाकघरातला ओटा बघून मला वाटलं, उगाच नाचले.

कडकडून मिठी मारली तिने. मी माझ्या पिशवीतून कुळथाचं पीठ आणि कोकमं काढून दिली. तिने जेवायला बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि मिरचीचा खर्डा केला होता. आम्ही तांदळाच्या भाकरीवाले, बाजरीची भाकरी म्हणजे चावून चावून जबडा दुखतो. पण मी तिसरी घेतली, आणि लोणी तर बोटाने पुसून खाल्लं. खर्ड्याचा एक मोठा गोळा मात्र चुकून तोंडात गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. वंदनाला वाटलं, मला गहिवरून आलंय. ती पण डोळे पुसायला लागली. "इतक्या दिवसांनी भेटतोय ना गं," म्हणाली. मला बोलता येत असतं तर मी पाणी मागितलं असतं.

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा झाला. गाळप अजून सुरू व्हायचं होतं, दुरुस्तीची कामं चालू होती, तरी भोंगा वेळेवर होतो. भोंग्यापाठोपाठ अंगणात मोटारसायकल थांबली आणि वंदनाचा नवरा जेवायला आत आला. तो तिथे फिटर आहे. हात धुतले, पाटावर बसला, "मीठ कमी पडलंय," म्हणाला, भाकरी खाल्ली, पाच मिनिटं आडवा झाला आणि गेला. बस, एवढंच. पण मी ते सगळं भिंतीला टेकून बघत बसले. माझा नवरा शनिवारी रात्री येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. मधल्या दिवसांत मीठ कमी पडलं तर मीच मला सांगते.

"तू पोरं न्यायला आलीस ना?" तो गेल्यावर वंदनाने सरळ विचारलं.

"हो. आणि तुझी ती विनंती मी मंजूर करणार नाही."

"उद्या शाळेत चल. बघ आणि मग बोल." ती एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला घेतली. तिचा शांतपणा मला तेव्हाही आवडायचा नाही.

संध्याकाळी तिने मला बारामती दाखवली. रुंद रस्ते, दुभाजकावर फुलझाडं, कॉलेजच्या पोरापोरींचे थवे, आईस्क्रीमची दुकानं. एसटी स्टँडवर बायकांच्या स्वच्छतागृहाला आतून कडी होती आणि ती लागतही होती. आतापर्यंत कसंबसं धरून ठेवलेलं माझं मन त्या कडीला बघून पार खचलं.

शेळगावच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी स्कूटीवर वंदनाच्या मागे बसून निघाले. लांबचा पल्ला आहे, ती रोज करते. बारामती मागे पडली तसा मुलूख उघडा होत गेला. ऊस होताच, पण मधूनमधून डाळिंबाच्या बागा, मक्याचे तुकडे, आणि मोठमोठे गोठे. काळ्या-पांढऱ्या गाई पंख्याखाली उभ्या होत्या. गाईंना पंखा! माझ्या शाळेत पंखा आहे, पण तो फिरायला वीज लागते.

इथली माणसं गावठाणात कमी आणि आपापल्या शेतात, वस्तीवर जास्त राहतात. आमच्याकडे घराला घर चिकटलेलं. एकीने मासळी तळली की सगळ्या वाडीला वास. इथे एका घराची हाक दुसऱ्या घराला ऐकू जाणार नाही. वाटेत एक पिवळी बस दर वस्तीच्या तोंडाशी थांबत होती. टाय लावलेली, गळ्यात पाण्याच्या बाटल्या अडकवलेली एकेक-दोनदोन पोरं त्यात चढत होती.

"बारामतीच्या इंग्लिश शाळेची," वंदना म्हणाली. "बागायतदारांची सगळी पोरं हिच्यात जातात."

"मग तुझ्या शाळेत कोण येतं?"

"चल, दाखवते."

दोन खोल्यांची शाळा. पण काय शाळा! रंगवलेल्या भिंती, टीव्ही, गाळलेल्या थंड पाण्याची टाकी, लोखंडी घसरगुंडी, कडुनिंबाखाली फरशी घातलेला पार. सगळं लोकवर्गणीतून. मी पाच वर्षं एका फळ्यासाठी अर्ज करतेय. आणि वर्गात पोरं भरलेली. कोणाचा बाप गोठ्यावर, कोणाचा ट्रॅक्टरवर, कोणी डाळिंबाच्या बागेत राखणीला. एक मराठवाड्यातला, दोन भाऊ बिहारमधले, एक मुलगी विदर्भातली. वस्तीवरच्या मालकाचं पोर एकही नाही.

आणि पहिल्या बाकावर माझी समीक्षा.

ही मुलगी माझ्या वर्गात बोलायची नाही. दोन वर्षं मी तिला कविता म्हण म्हणून विनवलं, रागावले, खाऊ दिला. ती नुसती खाली बघायची. इथे ती उभी राहून एका मुलाला ओरडत होती, "ए, माझी पेन्सिल हाय ती! न्हाय देत तर म्याडमला सांगीन!" मग तिने मला बघितलं. धावत येऊन कंबरेला मिठी मारली. "बाई, तुमी कवा आला?"

कवा! तिच्या तोंडात तो शब्द ऐकून मला जे झालं ते जळणं होतं, उगाच दुसरं गोंडस नाव देत नाही. दोन वर्षं मी पेरलं आणि पीक वंदनाच्या घरात गेलं.

मधल्या सुट्टीत आबा आले. सुगंधा-महेश ज्यांच्या गोठ्यावर आहेत तेच हे. उंच, वाकलेले, हातात दुधाची किटली. सगळ्या पोरांना त्यांच्याकडचं दूध असतं. शाळेची जागा त्यांच्या वडिलांनी दिलेली आहे. पाराच्या फरशीवर बसून त्यांनी मला चहा दिला, निव्वळ दुधाचा, वर साय.

"कोकनातनं आलाय व्हय? लई गुनी मानसं दिली बगा तुमी," आबा म्हणाले. "महेश गाईंच्या जवळ गेला की गाया पान्हा सोडत्यात."

मी विचारलं, "आबा, एवढी चांगली शाळा. तुमची नातवंडं का नाही येत?"

"सुनंला इचारा! धाकटी सून तर म्हनली, पोरं इंग्लिश शाळंत घालनार आसाल तरच हितं ऱ्हाईन, न्हायतर बारामतीत फ्लॅट घ्या. सुना मिळतायत कुठं आता? ऐकावं लागतं." आबांनी पोरांकडे बघितलं. "मग शाळा वस पडाया लागली. पोरं न्हाईत म्हनून बंद करनार व्हती. आमच्या वडलांची जागा. त्यांच्या पुन्याईवर टाळं लागायचं, ह्ये बरं दिसतंय व्हय? तवा ह्या म्याडमनी आयडिया काढली."

वंदना एकदम म्हणाली, "आबा, चहा गार होतोय."

"आसू द्या. म्याडम म्हनल्या, गोठ्यावर मानसं ठेवायचीच हायत, तर एकटा गडी कशाला ठेवता? पोरं असलेलं जोडपं ठेवा. पोरं साळंच्या वयाची पायजेत, एवढंच बघा. आता सगळ्या वस्त्यांवर तसंच करत्यात. जोडप्याचा फोन आला की आमी पयलं इचारतो, पोरं किती, कितवीत?" आबा समाधानाने हसले. "पट भरला बगा."

 वंदना फोनवर म्हणाली होती, एखादं चांगलं जोडपं बघ. पोरांबद्दल तिने एक अक्षर काढलं नव्हतं. तिला महेश नको होता, सुगंधाही नको होती. तिला समीक्षा आणि सोहम पाहिजे होते, आणि ते तिने माझ्याच हातून मागून घेतले.

"आबा, ती दोन्ही पोरं माझ्या पटावरची आहेत," मी म्हटलं. "तुमचा पट भरला तो माझा रिकामा करून. माझ्याकडे आता तीन उरलीत. माझ्या शाळेला टाळं लागणार."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "आरं द्येवा," ते म्हणाले. "मला वाटलं, तिकडं लई पोरं आसत्याल. गरिबाच्या गावात पोरांना काय तोटा."

"गरिबाच्या गावात म्हातारी असतात, आबा. बाकीचे मुंबईला."

आबा उठले. किटली उचलली आणि गेले.

मग मी वंदनाकडे वळले. पोरं बघत होती म्हणून हळू आवाजात, पण जे काही बोलले ते तिला जन्मभर पुरेल. दगाबाज म्हटलं, पोरंचोर म्हटलं. तुझ्याकडे कालवा आहे, कारखाना आहे, भोंगा झाला की नवरा घरी येतो, तरी तुला माझी दोन पोरंसुद्धा बघवली नाहीत का, असं विचारलं.

वंदना रडली नाही. म्हणाली, "सांगितलं असतं तर तू नंबर दिला असतास?"

"नसता दिला."

"म्हणूनच नाही सांगितलं. चुकलंच माझं. पण शुभे, शाळा बंद झाली तर तुझी-माझी बदली होईल, आपलं काय जातंय? ही वर्गातली पोरं त्या पिवळ्या बसमध्ये कोणी घेणार नाही. गोठ्यात बसतील. तुझ्या तिघांचं मला कळतं गं. पण मी माझी बघणार की तुझी?"

मी म्हटलं, "मी सुगंधाला विचारणार. ती येते म्हणाली तर आज रात्रीच घेऊन निघणार."

गोठ्यावर

शाळा सुटल्यावर आम्ही चालत निघालो. पुढे समीक्षा आणि सोहम, मागे मी, सगळ्यांत मागे वंदना. उसाच्या कडेने पाटाचं पाणी सोडलेलं होतं. आयुष्यभर कोकणच्या चिखलात वावरलेली मी, त्या दुष्काळी मुलखातल्या वीतभर पाटात सपशेल आडवी झाले. साडी, पिशवी, चष्मा, सगळं चिखलात. सोहम इतका हसला की त्याला उचकी लागली. मी चिडूनही बघितलं, तो थांबेना.

तशाच अवतारात गोठ्याशी पोचले. गोठ्याला लागून पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे सारवलेला तुकडा, त्यावर चूल. सुगंधा धारा काढत होती. आणि महेश चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होता. बाई येणार म्हणून तांदळाचं पीठ बारामतीहून मागवलं होतं म्हणे. हॉटेलातला हात तो, भाकरी कशी टम्म फुगत होती.

सोहम धावत गेला आणि बापाच्या पाठीवर चढला. महेश एका हाताने त्याला सावरत दुसऱ्या हाताने भाकरी उलटत राहिला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही, पोरालाही नाही.

सुगंधाने मला पाणी दिलं, साडीवरचा चिखल आपल्या पदराने पुसला. मी म्हटलं, "सुगंधा, गणपतीला का नाही आलीस?"

"गाईंना सुट्टी नसते, बाई." मग म्हणाली, "आलो असतो तर परत निघवलं नसतं. हितंच बसवला गणपती. आबांनी जागा दिली. समीनं आरती म्हटली."

म्हणजे गणपतीसुद्धा इकडे आला!

"तुला न्यायला आलेय मी," मी सांगितलं. "पोरं परत आली नाहीत तर शाळा बंद होईल. तुझी शाळा आहे ती, तू तिथंच शिकलीस."

सुगंधा खाली बघत राहिली. ही सवय समीक्षाने कुठून उचलली होती ते मला तेव्हा कळलं. मग तिने मान वर केली.

"बाई, तुम्ही म्हणाल तर मी नाय म्हणनार नाय. तुमचं लई हाय माझ्यावर. पन एक सांगू? लगीन झाल्यापासून ह्यो माणूस मुंबईत. लावणीला नि गणपतीला आठ दिस, शिमग्याला चार दिस. सोहम त्याला बघून दारामागं लपायचा. आये, पाव्हणा कधी जानार, असं इचारायचा मला. आणि ह्यो ऐकायचा, बाई." चुलीपुढच्या माणसाकडे तिने बघितलं. त्याने भाकरीवरची नजर उचलली नाही. "आता घरी असतो. रोज, बाई. रोज."

मी तिथे चिखलाने माखून उभी होते. कालव्याला जळले होते, रस्त्याला, ओट्याला, गाईंच्या पंख्याला, स्टँडवरच्या कडीला जळले होते. पण त्या पत्र्याच्या खोलीसमोर जेवढं जळले तेवढं कशालाच नाही. शेणाचा वास, डोक्यावर एक बल्ब, आणि चार माणसांची चार ताटं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि या खेपेला खर्डा नव्हता.

माझ्या पटावर दोन नावं होती, पोरं नव्हती. पोरं इथं होती, ढळढळीत, समोर. उरलेली तिघंही माझ्या डोळ्यांसमोर उभी होती, ओढ्याच्या काठाशी. तरी मी पिशवीतून मोबाइल काढला, चिखल पुसला आणि बटण दाबलं.

वंदना जवळ आली. "शुभे..."

"गप बस. तुझ्यासाठी नाही दाबलं."

मग आम्ही सगळे चुलीपुढे बसून जेवलो. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, आणि वाटीभर दूध. वंदनाने जवळा पहिल्यांदाच खाल्ला आणि नाक मुरडलं. मला तेवढंच बरं वाटलं. उठताना समीक्षाने विचारलं, "बाई, कविता म्हनू?" आणि मी हो म्हणायच्या आत तिने सगळी कविता म्हणून टाकली, मी शिकवलेली, एकही ओळ न चुकता. मला खूप आनंद झाला आणि तेवढाच रागही आला. दोन्ही एकदम होतात, हे मला या प्रवासात कळलं.

वाडी

परत आले. शाळेबद्दलचं पत्र अजून आलेलं नाही, पण येईल. आबांच्या शाळेत वर्गणीतून झालेल्या वस्तू बघून एक शिकले, की मागताना लाजायचं नाही. ओढ्यावर साकव बांधून द्या म्हणून सरपंचांच्या दारात जाऊन बसते. तिसऱ्या खेपेला ते मागच्या दाराने गेले, मीही मागच्या दाराशी गेले. वंदनाचा फोन येतो. मी दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला.

आल्यानंतरच्या पहिल्या दिवशी वर्गात तीन पोरं बसलेली होती. त्यातली मनाली दुसरीत आहे, समीक्षाची जोडीदारीण. तिचा बाप मुंबईला दुधाच्या गाडीवर असतो. तिने समीक्षाची जागा अजून कोणाला बसू दिली नव्हती, दप्तर ठेवून अडवली होती.

"बाई, समी नाय आणलीत?"

"नाही गं. ती आता तिकडंच राहणार."

"का? तिकडं काय आहे?"

मी ऊस सांगितला, कालवा सांगितला. घसरगुंडी सांगितली, टीव्ही सांगितला, गाईंचा पंखा सांगितला. मनाली ऐकत होती, पण तिला त्याचं फारसं काही वाटल्याचं दिसलं नाही. घसरगुंडी तिने खालच्या गावात बघितली आहे.

"आणि तिचे बाबा घरी असतात," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

मनालीने दप्तर त्या जागेवरून उचलून मांडीवर घेतलं. बराच वेळ ते घट्ट धरून बसली.

"रोज?" तिने विचारलं.